सावकार हात आखडतो तेव्हा: मंदी, युद्ध आणि सरकारी कर्ज

१. सरकारने सावकारी का करावी?

गावात सावकार आहे, पेठेत अडत्या आहे, शहरात बँका आहेत. असे असताना सरकारने कर्जे वाटण्याच्या भानगडीत पडावेच कशाला, असा प्रश्न सामान्य वाचक नेहमी विचारतो, आणि सरकारी पैसा हा शेवटी करदात्याच्याच खिशातून आलेला असल्यामुळे तो रास्तही आहे. या प्रश्नाचे उत्तर चांगल्या वर्षांत सापडत नाही, कारण चांगल्या वर्षी कर्ज देणाऱ्यांची वाण नसते. ते शोधावे लागते ते वाईट वर्षांत, जेव्हा प्रत्येक सावकार आपापल्या परीने शहाणपणाने वागतो आणि त्या सर्वांच्या शहाणपणातून मिळून अनर्थ ओढवतो.

हे कसे घडते ते पाहू. भाव पडू लागले की सावकार नवे कर्ज बंद करून जुन्याचा तगादा लावतो. तगादा लागला की कुळ माल, जनावर किंवा जमीन विकायला काढते. सगळ्यांनी एकदमच विकायला काढल्यामुळे भाव आणखी कोसळतात. आणि तारणाची किंमत घसरल्यामुळे सावकार आणखीच धास्तावतो. या चक्रातल्या कोणालाही एकट्याने थांबणे परवडत नाही. ज्याला ठेवीदारांच्या तगाद्याची भीती नाही आणि जो पंधरा-वीस वर्षे वाट पाहू शकतो, असा सावकार एकच असतो, आणि तो म्हणजे सरकार. चढावर गाडीला जादा बैलजोडी जुंपतात आणि चढ संपला की सोडतात, तसेच या कर्जाचे आहे. मात्र जोडी कोणत्या गाडीला जुंपायची आणि मुळात चढ कशाला म्हणायचे, याचा निवाडा दिसतो तितका सोपा नाही.

हा निवाडा सोलापूर जिल्ह्याइतका उघड्यावर क्वचितच कोठे पाहायला मिळेल. जिल्हा रब्बीचा, शाळूचे पीक हस्ताच्या पावसावर अवलंबून, आणि तो पाऊस बेभरवशाचा. शहर गिरण्यांचे आणि हातमागांचे. जुनी मिल म्हणून ओळखली जाणारी ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ कंपनी १८७० च्या दशकातली, आणि पद्मशाली विणकरांचे माग त्याच्याही आधीपासूनचे. मागावरची लुगडी घेणारे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शेतकऱ्याचेच घर. त्यामुळे हस्त कोरडा गेला की शिवार, माग आणि पेठ ही तिन्ही एकाच हंगामात आडवी होत असत.

२. तगाई

सरकारी कर्जाचा येथला जुना प्रकार म्हणजे तगाई. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर, आणि त्याआधी १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्यानंतर, इंग्रज सरकारने दोन बाजूंनी कायदे केले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला सावकाराच्या दस्तऐवजामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. त्याला जोडून १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आला, ज्याखाली विहीर, ताल, बांध यांसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळे आणि फेडीची मुदत सर्वसाधारणपणे ३५ वर्षांपर्यंत जाऊ शके. आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा आला, ज्याखाली बियाणे, बैल आणि संकटनिवारण यांसाठी अल्प मुदतीची रक्कम देता येई.

कागदावर ही योजना सुरेख होती. व्याज सावकाराच्या मानाने कितीतरी हलके होते. जमीन नसली किंवा पुरेशी नसली तर जामीन चाले, आणि गावकऱ्यांनी मिळून सामाईक जबाबदारीवर कर्ज घेण्याचीही सोय होती. परंतु तगाईची थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होत असे, म्हणजे सरकारला दिवाणी दाव्याची पायरीसुद्धा चढावी लागत नसे. सावकाराला फिर्याद लावावी लागे, मामलेदाराला जप्तीची नोटीस पुरे होई. सावकार महाग होता, पण अडल्या वेळी उंबऱ्यावर उभे केल्यावर रात्रीही पैसे देई आणि हप्ता हुकला तर व्याज चढवून गप्प बसे. तगाई स्वस्त होती, पण अर्ज, चौकशी, मोजणी, जामीनकतबा आणि मंजुरी या वाटेने ती येईपर्यंत पेरणीची वाफ निघून जाण्याचा धोका असे. शेतकरी स्वस्त पैसा सोडून महाग पैशाकडे का वळतो, याचे कोडे कमिशनांच्या अहवालांतून पुनःपुन्हा घातले गेले आहे. वास्तविक त्यात कोडे असे काहीच नाही, कारण शेतीत उशिरा आलेला रुपया हा रुपयाच नसतो.

३. कर्जाऐवजी सूत

विणकराची अडचण निराळी होती. त्याला दुष्काळात पैसे कर्जाऊ देऊन उपयोग नसे, कारण विणलेले लुगडे घ्यायला गिऱ्हाईकच नसल्यामुळे तो ते फेडणार कशातून? त्याला खडी फोडण्याच्या कामावर पाठवले तर पोट भरे, पण हात रापून तलम सुतावर पुन्हा बसणे अवघड होई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत सोलापुरात वेगळी रीत अवलंबली गेली: विणकराला सूत द्यायचे, त्याची मजुरी द्यायची, आणि तयार कापड ठेवून घेऊन बाजार उठल्यावर विकायचे.

या व्यवहारात विणकराच्या नावावर कर्ज चढत नाही, हे त्याचे मर्म आहे. माल न विकला जाण्याची जोखीम विणकराच्या खांद्यावरून उचलून सरकारने आपल्या अंगावर घेतली. अमेरिकेने १९३३ मध्ये स्थापन केलेल्या ‘कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ने कापूस व मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी जवळपास हेच केले: पीक तारण ठेवून ठरलेल्या दराने रक्कम द्यायची, आणि बाजारभाव त्या दराच्या खाली राहिला तर शेतकऱ्याने पीक सोडून द्यावे व हिशेब मिटला असे मानावे. नाव कर्जाचे, पण काम भावाच्या हमीचे. सोलापूरच्या सुताच्या व्यवहाराला कोणी असे भारदस्त नाव दिले नाही, इतकाच काय तो फरक.

४. पीक आले आणि भाव गेला

१९२९ नंतरची जागतिक मंदी आली तेव्हा तगाईची सारी यंत्रणा चुकीच्या शत्रूकडे तोंड करून उभी होती. दुष्काळात पीक जाते, पण ज्याच्याकडे थोडेफार दाणे असतील त्याला भाव चढा मिळतो. मंदीत पीक येते आणि भावच जातो. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक, म्हणजे १९१४ चे भाव १०० धरून पुढच्या वर्षांचे भाव मोजणारा आकडा, १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३१ मध्ये ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला.

याचा कर्जावर काय परिणाम होतो हे एका कल्पित हिशेबाने कळेल. एखाद्या शेतकऱ्याने ज्वारी ४ रुपये मण असताना १०० रुपये कर्ज काढले, तर ते २५ मण ज्वारीचे कर्ज झाले. भाव २ रुपयांवर आला की तेच कर्ज ५० मणांचे होते. वहीतला आकडा बदललेला नाही, सावकाराने लबाडी केलेली नाही, शेतकऱ्याने उधळपट्टी केलेली नाही. तरी कर्ज दुप्पट झाले. व्याजाचेही तेच, आणि रयतवारीत रोकड भरायच्या शेतसाऱ्याचेही तेच.

आता सरकारी सवलतीचे माप पाहावे. शेतसारा तहकूब करायचा की नाही हे आणेवारीवर ठरे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून अंदाज केला जाई, आणि चार आण्यांच्या आत पीक असेल तर पूर्ण तहकुबी मिळे. परंतु आणेवारी मोजते ती शिवारातली कणसे. बाजारातला भाव तिच्या मापात बसतच नाही. बारा आणे पीक आणि निम्मा भाव अशा वर्षी शेतकऱ्याच्या हाती सहा आणे पिकाइतकेच पैसे येतात, पण नियमाच्या दृष्टीने ते वर्ष चांगले ठरते. मंदीच्या काळातील सरकारी दिरंगाईला अनेकांनी निर्दयपणा म्हटले आहे. त्यात तथ्य असले तरी निर्दयपणापेक्षाही माप चुकीचे असणे हे अधिक खोल कारण होते.

सहकारी पतपेढ्यांची गतही फारशी वेगळी नव्हती. १९०४ च्या कायद्याने त्या सुरू झाल्या. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने त्यांना पैसा पुरवणारी मध्यवर्ती सहकारी बँक मुंबईत निघाली, आणि तिच्या कर्जरोख्यांच्या व्याजाची हमी मुंबई सरकारने घेतली. ही हमीसुद्धा सरकारी मदतच असते, कारण सरकारने एक रुपयाही न देता केवळ नाव दिल्याने बँकेला स्वस्त पैसा मिळतो. सोलापूरची जिल्हा बँक १९१८ ची. परंतु मंदीत सभासदांकडून वसुली थांबली, थकबाकी वाढली, आणि नवे कर्ज देण्याची वेळ आली तेव्हाच या संस्थांनाही हात आखडावा लागला. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर पौंडाशी बांधलेल्या रुपयांतला सोन्याचा भाव चढला, आणि भारतातून सोन्याचा ओघ परदेशी लागला. खेड्यापाड्यांतल्या घरांनी पुतळ्या आणि पाटल्या मोडून हप्ते भरले; त्या वर्षांत शेतकऱ्याला वेळेवर पैसा पुरवणारे खरे खाते हेच होते असे म्हणावे लागते.

५. अमेरिकेचा धडा: उसने की भागी

मंदीतील सरकारी कर्जसंस्थेचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेचे ‘रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन’ हे महामंडळ. पहिल्या महायुद्धात युद्धोद्योगांना पैसा पुरवण्यासाठी काढलेल्या संस्थेच्या धर्तीवर जानेवारी १९३२ मध्ये अध्यक्ष हूवर यांच्या सहीने ते स्थापन झाले, आणि ५० कोटी डॉलर भांडवल घेऊन बुडत्या बँकांना व रेल्वे कंपन्यांना कर्ज देऊ लागले. अपेक्षित परिणाम मात्र झाला नाही. महामंडळ चांगले तारण मागून घेई, त्यामुळे बँकेजवळची उत्तम मालमत्ता त्याच्याकडे गहाण पडे. आणि कर्ज घेणाऱ्या बँकांची नावे जाहीर होऊ लागल्यावर ठेवीदार त्याच बँकांच्या दारात रांगा लावू लागले.

मार्च १९३३ मध्ये नवा कायदा झाला, आणि महामंडळाचे प्रमुख जेसी जोन्स यांनी वेगळा मार्ग धरला: बँकांना उसने देण्याऐवजी त्यांचे अग्रहक्क भाग विकत घ्यायचे. अग्रहक्क भाग म्हणजे ज्यावर नफ्यातून ठरावीक लाभांश इतर भागधारकांच्या आधी मिळतो, पण ज्याची मुद्दल कर्जासारखी अमुक तारखेला परत मागता येत नाही असा भाग. कर्जाने बँकेचे देणे वाढते. भाग घेतल्याने तिचे स्वतःचे भांडवल वाढते. सुमारे सहा हजार बँकांत सरकार असे भागीदार झाले. जो आधीच देण्याखाली दबला आहे त्याला आणखी उसने देणे म्हणजे त्याच्या ओझ्यात भर घालणे होय. त्याचे देणे कमी करावे, किंवा त्याच्याबरोबर तोटा सोसायला उभे राहावे, हे या अनुभवातून निघालेले तत्त्व सोलापूरच्या शेतकऱ्यालाही तंतोतंत लागू होते.

६. कर्जाला कात्री, आणि मग युद्ध

मुंबई इलाख्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस देणे कमी करण्याचा मार्ग धरला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ मध्ये अल्पभूधारक साहाय्य कायदा आणि १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. दुसऱ्या कायद्याचा गाभा असा, की कर्ज तडजोड मंडळाने शेतकऱ्याचे एकूण देणे किती हे ठरवावे, त्याची फेडण्याची ऐपत किती हे पाहावे, आणि देणे ऐपतीपर्यंत खाली आणून हप्ते बांधून द्यावेत. दीर्घ मुदतीसाठी भूतारण बँका होत्या, आणि त्यांची प्रांतिक बँक १९३५ पासून होती. पण १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कायद्याची अंमलबजावणी रेंगाळली, आणि १९४७ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा करावा लागला.

मधल्या काळात युद्धाने ते काम परस्पर करून टाकले. ऑगस्ट १९३९ चे भाव १०० धरले तर १९४४–४५ मध्ये घाऊक भाव २४० च्या पलीकडे गेले होते. आधीच्याच हिशेबात ज्वारी ८ रुपये मण झाली असे धरले, तर १०० रुपयांचे कर्ज साडेबारा मणांत फिटते. सहकारी संस्थांची वर्षानुवर्षे तुंबलेली थकबाकी याच काळात वसूल झाली, आणि ‘सहकार सुधारला’ असे अनेकांना वाटले. सुधारला होता तो भाव. शिवाय या सुधारणेचा वाटा सर्वांना सारखा मिळाला नाही. ज्याच्याकडे विकण्याजोगे धान्य होते त्याचे कर्ज हलके झाले. ज्याचे शेत चार महिनेही पुरत नव्हते आणि जो उरलेले दाणे बाजारातून घेत होता, त्याला तोच भाव उलट्या बाजूने कापत होता.

युद्धकाळात सरकारी कर्जाचा हेतूही बदलला. आता प्रश्न शेतकऱ्याला जगवण्याचा नव्हता, तर त्याच्याकडून अधिक धान्य पिकवून घेण्याचा होता, आणि ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेखाली विहिरी व बियाण्यांसाठी तगाई सुटू लागली. सोलापूरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र चालू होते, आणि उताराच्या आडव्या बांधांनी काळ्या रानातली माती व ओल धरून ठेवता येते हे तेथे व अन्यत्र दिसून आले होते. परंतु एकट्याने बांध घालून भागत नाही. वरच्या शेतकऱ्याने घातला नाही तर त्याचे लोंढे खालच्याचा बांध फोडतात. म्हणून या कायद्याने संपूर्ण पट्ट्याची योजना एकत्र करून, बांध सरकारी यंत्रणेने घालून, खर्चाचा शेतकऱ्याकडे येणारा भाग हप्त्यांनी वसूल करण्याची सोय केली. येथे शेतकऱ्याच्या हाती रोकड येतच नाही, येतो तो तयार बांध. त्यामुळे पैसा लग्नात खर्च झाला ही नेहमीची तक्रार उरत नाही, पण आपल्या रानात बांध कोठून जावा हे ठरवण्याचा मोकळेपणाही उरत नाही. वहिवाटीच्या धुऱ्याला छेदून गेलेला बांध पुढे कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतःच फोडला, त्याचे मूळ येथे आहे.

युद्धोद्योगांच्या बाबतीतही असाच बदल दिसतो. अमेरिकेत त्याच महामंडळाने १९४० मध्ये पोटसंस्था काढून सरकारी पैशाने कारखाने उभारले आणि खासगी कंपन्यांना चालवायला दिले. भारतात सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ काढले. १९४१ मध्ये भारत सरकार त्यात भागीदार झाले आणि १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या धास्तीने कारभारच त्याने ताब्यात घेतला. युद्धात सरकारला परतफेडीची नव्हे तर मालाची घाई असते, आणि म्हणून ते सावकाराच्या गादीवर फार वेळ बसत नाही.

७. जुनी मिल आणि अर्धवट भरलेले भाग

युद्धाने दिलेली तेजी ओसरल्यावर सोलापूरची जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगार घरी बसले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढून, व पुढे त्याचा कायदा करून, मिलचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे सोपवला. या संचालकांपुढे पहिला प्रश्न पडला तो खेळत्या भांडवलाचा, म्हणजे कापूस, कोळसा आणि पगार यांना रोज लागणाऱ्या पैशाचा. कंपनीचे काही अग्रहक्क भाग अर्धवट भरलेले होते. तेव्हा संचालकांनी प्रत्येक भागामागे उरलेले ५० रुपये भरा, अशी मागणी भागधारकांना केली. म्हणजे बंद पडलेली गिरणी पुन्हा चालू करण्याचा निर्णय सरकारचा, आणि पैसा जुन्या मालकांचा.

एका भागधारकाने याविरुद्ध दावा लावला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मोबदला न देता कारभार असा काढून घेणे म्हणजे मालमत्ताच हिरावून घेणे होय, सबब कायदा घटनाबाह्य आहे. या निकालानंतर दीड वर्षाच्या आत चौथी घटनादुरुस्ती झाली, आणि लोकहितासाठी मर्यादित काळ एखाद्या मालमत्तेचा कारभार हाती घेण्याच्या कायद्यांना तिने संरक्षण दिले. घटनेच्या अभ्यासकांना सोलापूरचे नाव पाठ असते ते यामुळे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र या खटल्यातला प्रश्न साधा होता: डबघाईच्या उद्योगाचा तोटा कोणी सोसायचा, हे न ठरवता सरकारने लगाम तेवढा हाती घेतला होता.

८. शंभरातले तीन

१९५१–५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभरच्या ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिच्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. पाहणीत असे आढळले की शेतकऱ्याने काढलेल्या १०० रुपयांपैकी सरकारकडून ३.३ रुपये, सहकारी संस्थांकडून ३.१ रुपये आणि व्यापारी बँकांकडून एक रुपयाहूनही कमी येत होते, तर जवळजवळ ७० रुपये सावकारांचे होते. तगाईचा १८८३ चा कायदा होऊन तेव्हा ६८ वर्षे झाली होती.

समितीने तगाई वाढवा असे सांगितले नाही. उलट ती आपत्तीपुरती ठेवावी अशी तिची दिशा होती. तिची मुख्य शिफारस अशी होती की सहकारी बँकांना केवळ कर्ज देत बसण्याऐवजी सरकारने त्यांचे भाग विकत घ्यावेत आणि त्यांच्या जोखमीत भागीदार व्हावे. जोन्स यांनी अमेरिकेतल्या बँकांच्या बाबतीत १९३३ मध्ये काढलेली तोड ती हीच. फरक असा की तेथे बँका सावरल्यावर सरकारने आपले भाग बहुतांशी मोकळे केले, आणि महाराष्ट्रात साखर कारखान्यांपासून जिल्हा बँकांपर्यंत सरकारी भागभांडवल एकदा आत आले की ते कधी बाहेर काढायचे, हा प्रश्न पुढच्या कित्येक अर्थसंकल्पांत तसाच चालत राहिला.